उतारवयातल्या लघवीच्या तक्रारी : ‘वयानुसार होतंच’ म्हणून सोडून द्यायच्या का?

ओवी (धागाकर्ती)

हा धागा काढू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. विषयच असा की घरातसुद्धा लोक आवाज खाली आणून बोलतात.

माझी आई ७१ वर्षांची. गेल्या वर्षभरात तिने आमच्याबरोबर कुठेही येणं बंद केलं. नाटक असो, नातीच्या शाळेतला कार्यक्रम असो, "तुम्ही जा, मी घरी थांबते." आम्हाला वाटलं गुडघे दुखत असतील. मग लक्षात आलं, बाहेर जायचं ठरलंच तर ती सकाळपासून पाणी पीत नाही. गेल्या महिन्यात तिचं कपाट आवरताना कपड्यांच्या मागे जुन्या मऊ कापडाच्या घड्यांची चवड सापडली आणि सगळा उलगडा झाला. शिंक आली, खोकला आला, पटकन उठली की कपडे ओले होतात. शिवाय एकदा लागली की दम निघत नाही, बाथरूमच्या दारापर्यंत जाईस्तोवर थोडी होऊनच जाते. हे चार वर्षं चाललं होतं. मी तिच्या शेजारच्या खोलीत झोपते, आणि मला पत्ता नव्हता.

विचारलं तर म्हणाली, "या वयात सगळ्यांचंच होतं गं. त्यात सांगायचं काय?"

त्याच आठवड्यात बाबांनाही विचारलं. ते ७६ वर्षांचे, रात्री चार-चार वेळा उठतात. ते उठतात हे मला माहीत होतं, का उठतात हे कधी विचारलं नव्हतं. त्यांचंही उत्तर तेच. वय झालं.

तेव्हापासून वाचतेय, भेटेल त्या डॉक्टरांना विचारतेय. आई म्हणते त्यातला अर्धा भाग खराच आहे. सत्तरीनंतर निम्म्याहून जास्त माणसं रात्री निदान एकदा लघवीला उठतात. पुरुषांमध्ये पन्नाशीच्या पुढे साधारण निम्म्यांच्या प्रोस्टेटमध्ये वाढ सुरू झालेली असते, आणि ऐंशीच्या घरात हे प्रमाण ८० ते ९० टक्क्यांवर जातं. अर्थात वाढ दिसली म्हणजे त्रास होतोच असं नाही. बायकांपैकी जवळजवळ निम्म्यांना आयुष्यात एकदा तरी लघवीचा जंतुसंसर्ग होतो, आणि पाळी गेल्यावर तो पुन्हा पुन्हा होण्याची शक्यता वाढते. लघवी थोडीफार निसटणं तर वयस्कर बायकांत तिघींपैकी एकीला तरी असतं.

मला टोचतोय तो उरलेला अर्धा भाग. मोतीबिंदूसुद्धा वयामुळेच होतो. म्हणून कोणी दिसायचं कमी झालं तरी गप्प बसून राहत नाही ना? मग इथेच का?

तुमच्या घरात, तुमच्या स्वतःच्या बाबतीत काय झालं, कशाचा उपयोग झाला, ते लिहाल का? डॉक्टर मंडळी असतील तर जरूर लिहा.

रातराणी

ओवी, धागा काढलास हे फार चांगलं केलंस. सविस्तर लिहिते संध्याकाळी. माझं स्वतःचं सांगण्यासारखं आहे.

दुसरीपाळी

मी परिचारिका होते, तेहतीस वर्षं. त्यातली बरीच वयस्करांच्या वॉर्डात गेली.

आधी पाण्याचं. आई करते ते बहुतेक सगळ्या करतात आणि त्याने उलटंच होतं. पाणी कमी प्यायलं की लघवी घट्ट होते, मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला ती झोंबते, आणि थोडीशी साठली तरी घाई होते. शिवाय शौचाला खडा होतो. भरलेलं आतडं मूत्राशयावर दाब देतं, त्यामुळे पुन्हा लघवीच्या तक्रारी. म्हणजे जे टाळायला पाणी सोडलं, तेच वाढतं. वॉर्डात मी कितीतरी जणींना नुसतं पोट साफ झाल्यावर बरं वाटलेलं पाहिलं आहे.

दुसरं, लघवी निसटते म्हणजे मूत्राशयच बिघडलं असं समजू नका. कित्येकदा मूत्राशय ठीक असतं, माणूस वेळेत पोचत नाही. खुर्ची खोल, उठायलाच मिनिटभर. वाटेत अंधार. नाडीची गाठ सुटत नाही. हात थरथरतात. अशा वेळी उंच खुर्ची, बाथरूमच्या वाटेवर रात्रभर मंद दिवा, कमोडशेजारी धरायला दांडा आणि नाडीऐवजी इलॅस्टिक, एवढ्यावर काम होतं. रात्री घाईत उठून पडल्यामुळे खुब्याचं हाड मोडलेले रुग्ण मी इतके पाहिलेत की दिव्याचं मी प्रत्येकाला सांगते.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं. डॉक्टरांकडे जाण्याआधी तीन दिवसांची वही करा. मापाचं भांडं घ्या. किती वाजता, किती मिली, काय प्यायलं, किती प्यायलं, निसटली का, घाई झाली का, किती वाजता झोपलं, किती वाजता उठलं. बस. आईचीही करा आणि बाबांचीही. दोघांच्या तक्रारी ऐकायला सारख्या वाटल्या तरी वही वेगळंच सांगेल.

चौथी घडी

+१. वहीचं आमच्याही डॉक्टरांनी सांगितलं होतं. वडिलांनी आधी खूप कटकट केली, पण लिहिली.

किनारा

मी ६७. पुरुष मंडळी या धाग्यावर फारशी बोलणार नाहीत असं वाटतं, म्हणून मी लिहितो.

साठीनंतर धार बारीक झाली. उभं राहिल्यावर सुरू व्हायला वेळ लागायचा, मध्येच थांबायची, आणि आटोपलं म्हणून वळावं तर दोन थेंब कपड्यात. पाच मिनिटांनी पुन्हा लागल्यासारखं वाटायचं. सहा वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. प्रवासात कडेच्या जागेचा हट्ट धरायचो, कारण मात्र सांगायचो नाही.

मग एकदा जोरदार सर्दी झाली. घरात पडलेल्या सर्दीच्या गोळ्या दोन दिवस घेतल्या. तिसऱ्या रात्री लघवी पूर्ण बंद. लागलेली आहे, ओटीपोट दगडासारखं झालंय, आणि थेंब येत नाही. तशी वेदना मी आयुष्यात अनुभवली नाही. पहाटे इस्पितळात नळी घातली, तेव्हा ९०० मिली निघाली.

नंतर डॉक्टरांनी समजावलं. प्रोस्टेट ही ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रनलिकेला वेढून बसलेली असते. तरुणपणी तिचं वजन २० ग्रॅमच्या आसपास. ती वाढली की आतली वाट चिंचोळी होते. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत नाक मोकळं करणारं औषध असतं, ते मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू आवळतं. आणि शिंका थांबवणारी, झोप आणणारी जी जुनी औषधं असतात, ती मूत्राशयाची आकुंचन पावण्याची ताकद कमी करतात. वाट आधीच अरुंद, त्यात दोन्हीकडून अडवणूक. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या कुणीही सर्दीची गोळी न विचारता घेऊ नये, हे मी आता भेटेल त्याला सांगतो.

मला टॅमसुलोसिन दिलं, ते मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करतं. आठवड्याने नळी काढल्यावर लघवी आपोआप झाली, धारेतही फरक पडला होता. पहिले काही दिवस अंथरुणातून उठताना चक्कर यायची. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं म्हणून कडेवर बसून मग उठायचो. सोबत फिनास्टेराइड दिलं, त्याचा परिणाम दिसायला सहा महिने लागले. ते प्रोस्टेटचा आकार हळूहळू कमी करतं. एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी, हे औषध चालू असताना रक्तातला पीएसए (प्रोस्टेटमधून येणारं प्रथिन, कर्करोगाचा संशय तपासायला मोजतात) साधारण निम्म्यावर येतो. त्यामुळे रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरांना हे औषध चालू आहे हे सांगावं लागतं, नाहीतर वाढलेला आकडाही नॉर्मल वाटू शकतो.

आणि हो, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल तर नेत्रतज्ज्ञांना टॅमसुलोसिनचं आवर्जून सांगा, आधी कधी घेतलं असेल तरीही. त्या औषधामुळे शस्त्रक्रियेच्या वेळी बुबुळाचा पडदा सैल पडतो. आधी माहीत असलं तर ते त्याची तयारी ठेवतात.

सहा वर्षं गप्प बसलो याचं वाईट वाटतं. बायको अजून म्हणते, मला सांगायचं होतंस.

रातराणी

संध्याकाळी लिहिते म्हटलं होतं, त्याला तीन दिवस झाले.

माझी पाळी एक्कावन्नाव्या वर्षी गेली. त्यानंतर दोन वर्षांत पाच वेळा उन्हाळी लागल्यासारखी जळजळ, सारखं जावंसं वाटणं, ओटीपोटात दुखणं. प्रत्येक वेळी अँटिबायोटिक. प्रत्येक वेळी काही महिन्यांनी पुन्हा. मला वाटायला लागलं माझ्या स्वच्छतेतच काहीतरी कमी पडतंय. दिवसातून चार-चार वेळा साबणाने धुवायचे. त्याने तर आग आणखीच वाढली.

शेवटी एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी चित्र काढून दाखवलं. बायकांची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंटिमीटर, पुरुषांची २० च्या आसपास, त्यामुळे जंतूंना आपल्याकडे वाट फारच जवळची. पाळी असेपर्यंत इस्ट्रोजेनमुळे योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे उपकारी जीवाणू राहतात. ते तिथे आम्लता टिकवतात आणि आतड्यातल्या जंतूंना तिथे बस्तान बसवू देत नाहीत. पाळी गेली की इस्ट्रोजेन घटतं, तिथली त्वचा पातळ आणि कोरडी होते, हे पहारेकरी कमी होतात आणि ई. कोलायसारख्या जंतूंना मोकळं रान मिळतं. यात माझ्या स्वच्छतेचा काही दोष नव्हता. हे ऐकून मी तिथेच रडले.

त्यांनी योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं. हार्मोन म्हटल्यावर मी घाबरले होते. पण या क्रीमचं प्रमाण फार कमी असतं, आणि ते बहुतांशी तिथल्या तिथेच काम करतं, रक्तात अगदी थोडं उतरतं. ज्यांना स्तनाचा कर्करोग होऊन गेला आहे त्यांनी मात्र आपल्या कर्करोगतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय सुरू करू नये. मला फरक पडायला दोन-तीन महिने लागले. गेल्या दीड वर्षात एकदाच संसर्ग झाला.

ओवी, आईच्या घाईसाठीही याबद्दल विचार. जळजळ नसली तरी कोरडेपणामुळे घाई होऊ शकते.

नि_३

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे आणि जरा तातडीचा. सासरे ८२. परवापासून बोलणं विसंगत आहे. आपण कुठे आहोत ते कळत नाही, रात्रभर जागे, दिवसा गुंगीत. ताप नाही, जळजळ आहे असंही म्हणत नाहीत. लघवीच्या तपासणीत पस सेल्स (पुवाच्या पेशी) आणि जंतू आलेत. घरचे म्हणतायत म्हाताऱ्या माणसांत लघवीचं इन्फेक्शन असंच डोक्यावर परिणाम करतं, अँटिबायोटिक सुरू करू या. कुणाला अनुभव?

वल्हे

नि_३, उशीर करू नका. माझ्या आजीला अगदी असंच झालं होतं, अँटिबायोटिकवर चार दिवसांत शुद्धीवर आली. जंतू आलेत म्हणजे इन्फेक्शन आहे, सरळ आहे.

शल्य_२

मी मूत्ररोग शल्यचिकित्सक. इथे सहसा नुसता वाचतो, पण या प्रश्नावर लिहायलाच हवं.

नि_३, अचानक भ्रम होणं ही आणीबाणी आहे. धाग्यावरच्या उत्तरांची वाट न पाहता त्यांना आजच डॉक्टरांना दाखवा. पण "लघवीत जंतू आहेत, कारण सापडलं" असं म्हणून शोध थांबवू देऊ नका.

वल्हे, तुमच्या आजींना खरोखर संसर्ग असू शकेल, ते मी नाकारत नाही. पण लघवीत जंतू सापडणं आणि लघवीचा संसर्ग असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सत्तरीपुढच्या, आपल्या घरी राहणाऱ्या, काहीही त्रास नसलेल्या बायकांची लघवी तपासली तर शंभरातल्या १० ते १५ जणींत जंतू सापडतात. वृद्धांच्या निवासी संस्थांत राहणाऱ्या बायकांत हे प्रमाण २५ ते ५० टक्के. कायमची नळी असलेल्यांच्या लघवीत तर ते जवळपास सगळ्यांमध्येच असतात. पस सेल्सही त्यांच्यासोबत येतात. ते जंतू तिथे शांतपणे राहत असतात आणि त्यांना मारून माणसाचा काही फायदा होत नाही, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. उलट पोट बिघडतं, आणि पुढच्या वेळी खरा संसर्ग झाला तर साधी औषधं लागू पडत नाहीत. म्हणून अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे की वृद्ध माणसाला भ्रम झाला असेल, पण ताप, रक्तदाब उतरणं किंवा लघवीच्या जागेची लक्षणं नसतील, तर आधी इतर कारणं शोधावीत आणि रुग्णावर बारीक लक्ष ठेवावं. लगेच अँटिबायोटिक देऊ नये. अपवाद दोन, गरोदर स्त्रिया आणि मूत्रमार्गाची अस्तराला इजा होईल अशी शस्त्रक्रिया ठरलेले रुग्ण.

ताप, हुडहुडी, कमरेच्या बाजूला दुखणं, रक्तदाब उतरणं, नवीन जळजळ किंवा घाई, यातलं काही असेल तर गोष्ट वेगळी. मग उशीर अजिबात नको.

सासऱ्यांच्या बाबतीत मी या गोष्टी विचारेन. गेल्या दोन-तीन आठवड्यांत कुठलं नवीन औषध सुरू झालं? पोट केव्हा साफ झालं होतं? पाणी किती पितात? रक्तातलं सोडियम आणि साखर किती? आणि लघवी केल्यावर मूत्राशयात किती उरते? हे शेवटचं पोटावरून सोनोग्राफी करून पाच मिनिटांत कळतं. तुंबलेल्या मूत्राशयामुळेही वृद्ध माणूस भ्रमात जातो, आणि थेंब थेंब होत असल्याने घरच्यांना वाटतं लघवी होतेय.

नि_३

मनापासून आभार. निघतोच आहोत.

मधलासूर

मी फिजिओथेरपिस्ट आहे, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर काम करते. ओवीच्या आईंसाठी लिहिते आहे.

तुमच्या वर्णनावरून दोन प्रकार एकत्र दिसतात. खोकल्या-शिंकल्यावर निसटते ती एक, त्यात मूत्रनलिकेला खालून आधार देणारे स्नायू ढिले पडलेले असतात. आणि लागली की थांबत नाही ती दुसरी, त्यात मूत्राशयाचा स्नायू पूर्ण भरण्याआधीच आकुंचन पावू लागतो. व्यायामाने दोन्हीला फायदा होतो, पण पहिल्याला जास्त.

आता खरी अडचण. "तो व्यायाम करते, काही उपयोग नाही" असं सांगणाऱ्या निम्म्याअधिक बायका माझ्याकडे चुकीचं करत असतात. कोणी पोट आत ओढतं, कोणी मांड्या आवळतं, आणि बऱ्याच जणी तर चक्क खाली जोर लावतात, म्हणजे उलटच. वायू सरू नये म्हणून आपण आतून जसं आवळून वर ओढतो, तसं करायचं. श्वास रोखायचा नाही, पोट सैल. एका वेळी ८ वेळा, जमेल तसं धरून ठेवत, आणि असं दिवसातून तीनदा. निदान तीन महिने. तीन आठवड्यांत सोडून दिलं तर काहीच दिसत नाही. लघवी करताना धार मध्येच थांबवून व्यायाम करू नये, मूत्राशय पूर्ण रिकामं न होण्याची सवय लागते.

घाईसाठी वेगळी शिकवण. लागली की धावत सुटायचं नाही. धावल्याने पोटावर दाब येतो आणि बरोबर दारात निसटते. जागच्या जागी थांबा, शक्य असेल तर बसा, आतून पटापट पाच-सहा वेळा आवळा. लाट ओसरते. ओसरली की शांतपणे चालत जा. मग दोन वेळांमधलं अंतर आठवड्याआठवड्याने थोडं थोडं वाढवायचं. "बाहेर पडण्याआधी एकदा जाऊन येते" ही दर तासाची सवय मूत्राशयाला थोड्यावरच बोलवायला शिकवते.

अंग बाहेर येत असल्यासारखं वाटत असेल, खाली काही हाताला लागत असेल, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या. त्यासाठी आत बसवायची रिंग मिळते, प्रत्येक वेळी शस्त्रक्रियाच लागते असं नाही.

शल्य_२

मधलासूर यांच्याशी पूर्ण सहमत. घाईसाठी गोळ्या आहेत, पण जुन्या गटातल्या, उदाहरणार्थ ऑक्सिब्युटिनिन, तोंड कोरडं पाडतात, बद्धकोष्ठ करतात आणि वृद्धांच्या स्मरणशक्तीवर परिणाम करू शकतात. आधी व्यायाम आणि सवयी, मग गोळी. गोळी लागलीच तर आईंची बाकीची सगळी औषधं डॉक्टरांपुढे ठेवा. मिराबेग्रॉन वेगळ्या पद्धतीने काम करतं, त्याच्यासोबत रक्तदाबावर लक्ष ठेवावं लागतं.

अनवट

या धाग्यावर एक गोष्ट अजून कुणी लिहिली नाही, ती मी लिहिते कारण आमच्या घरात ती घडली.

माझ्या मोठ्या भावाला लघवीतून लाल रक्त गेलं. एकदाच. दुखलं नाही, दुसऱ्या दिवशी लघवी स्वच्छ. तो रक्त पातळ होण्याची गोळी घेत होता, त्याला वाटलं त्यामुळेच. एका डॉक्टरांनीही इन्फेक्शन असेल म्हणून गोळ्या दिल्या. आठ महिन्यांनी पुन्हा गेलं, तेव्हा दुर्बिणीतून तपासलं आणि मूत्राशयात गाठ निघाली. तो तीस वर्षं सिगारेट ओढत होता.

रक्त पातळ करणाऱ्या गोळीमुळे रक्त गेलं असं समजून थांबायचं नसतं, हे आम्हाला नंतर कळलं. मूत्राशयात काही असेल तर ती गोळी ते लवकर उघड करते, एवढंच. वेदना न होता लघवीतून रक्त गेलं, ते एकदाच का होईना, तर सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन आणि दुर्बीण, दोन्ही झाल्याशिवाय समाधान मानू नका. लघवी बंद होणं, ताप किंवा अचानक भ्रम सोडला, तर बाकी तक्रारींना दोन आठवडे थांबलात तर चालेल. याला नाही.

भाऊ आता बरा आहे, दर काही महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी चालू असते.

शल्य_२

अनवट यांनी लिहिलंय ते प्रत्येकाने वाचावं. मूत्राशयाच्या कर्करोगांपैकी साधारण निम्म्यांमागे धूम्रपान असतं.

ओवी (धागाकर्ती)

दोघांच्या वह्या झाल्या. आधी बाबांचं सांगते, कारण मला धक्का बसला.

आम्ही सगळे प्रोस्टेट धरून बसलो होतो. वही पाहून डॉक्टरांनी आधी बेरीज केली. दिवस-रात्र मिळून सरासरी १७०० मिली, त्यातली झोपेच्या वेळेतली आणि सकाळी उठल्यावरची पहिली मिळून ८५०. म्हणजे निम्मी लघवी रात्री तयार होतेय. वयस्कर माणसात ती एकतृतीयांशाहून जास्त असू नये म्हणे. दर वेळी १५०-२०० मिली होते, धार चांगली, मागे उरते फक्त ३० मिली. म्हणजे मूत्राशय आणि प्रोस्टेट आपलं काम नीट करतायत, रात्री त्यांच्याकडे मालच जास्त येतोय.

मग डॉक्टरांनी बाबांच्या घोट्यावर अंगठा दाबला. खड्डा पडला. रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन चालू आहे, त्याने पायांवर सूज येते. दिवसभर पायांत साठलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. गोळी बदलायची का ते हृदयाची तपासणी झाल्यावर ठरवणार आहेत. तोवर दुपारी तासभर पाय उशीवर उंच ठेवून पडायचं आणि सकाळी उठल्या उठल्या घट्ट मोजे घालायचे. ते पायातलं रक्ताभिसरण बघूनच दिलेत, पायाच्या धमन्या अरुंद असलेल्यांना हे मोजे चालत नाहीत. घोरण्याचंही विचारलं. झोपेत श्वास अडकत असेल तर हृदयातून एक संप्रेरक सुटतं आणि त्याने रात्री लघवी वाढते. ती तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. बाबा दहा दिवसांत चारवरून दोन-तीनवर आलेत.

आईची वही अगदी उलटी. एका वेळी ८० मिली, १०० मिली, दिवसातून चौदा वेळा. आणि पाणी दिवसभरात जेमतेम ७०० मिली. तिला स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासलं, अंग थोडं खाली आलंय पण रिंग लागावी इतकं नाही. क्रीम सुरू केलंय, व्यायाम शिकायला जाते. आजवर ती चुकीचं आवळत होती, मधलासूर यांनी लिहिलंय अगदी तसंच, खाली जोर लावत.

पॅड मी आणून दिले. कापडाच्या घड्या तिने अजून टाकल्या नाहीत, मीही त्यावर काही बोलले नाही.

किनारा

ओवी, बाबांच्या वहीचं वाचून मीही आज भांडं आणलं. गोळ्या घेऊनही रात्री दोनदा उठतो. ते प्रोस्टेटचंच आहे असं मी धरून चाललो होतो.

नि_३

सगळ्यांना कळवायचं राहून गेलं. सासऱ्यांच्या मूत्राशयात ७०० मिली साठलेली निघाली. आम्हाला वाटत होतं लघवी होतेय, कारण कपडे सारखे ओले. ते वरून सांडणारं पाणी होतं, टाकी तर भरलेलीच होती. तीन आठवड्यांपूर्वी अंगाला खाज सुटते म्हणून झोप आणणारी एक गोळी सुरू झाली होती, ती आम्ही औषधांच्या यादीत सांगितलीच नव्हती. पाच दिवस शौचाला झालं नव्हतं, तेही कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. गोळी बंद केली, पोट साफ केलं, नळी घातली. ताप नव्हता म्हणून अँटिबायोटिक दिलं नाही, फक्त लक्ष ठेवलं. चौथ्या दिवशी त्यांनी मला नावाने हाक मारली.

अजून इस्पितळातच आहेत. नळीही आहे. सोबत टॅमसुलोसिन सुरू केलंय. घरी गेल्यावर नळी राहू दे, रात्रीची धावपळ वाचेल, असं दिरांचं म्हणणं आहे. मला खात्री वाटत नाही.

वल्हे

नि_३, बरं झालं. मी घाईत लिहिलं होतं, त्याबद्दल मनापासून क्षमस्व. आजीचा तेव्हाचा कागद शोधून पाहिला, तिला १०२ ताप होता. हा फरक तेव्हा माझ्या लक्षात आला नव्हता.

दुसरीपाळी

नि_३, सोय म्हणून नळी ठेवू नका. नळी आत असेल तर दर दिवशी शंभरातल्या ३ ते ७ जणांच्या लघवीत नव्याने जंतू येतात, महिनाभरात जवळपास सगळ्यांच्याच. भ्रमातून नुकताच उठलेला माणूस ती ओढतो, आणि नळी आत टिकून राहावी म्हणून तिच्या टोकाशी असलेला फुगा फुगलेला असताना ओढली तर आत जखम होते. शिवाय नळीला बांधलेला माणूस अंथरुणातून उठायचा कंटाळा करतो, त्या वयात पाय लगेच ढिले पडतात.

डॉक्टरांना रोज विचारा, आज काढून बघायची का. काढल्यावर पहिल्या सहा-आठ तासांत किती वेळा झाली, किती मिली झाली आणि नंतर सोनोग्राफीत किती उरली, हे तिन्ही आकडे लिहून घ्या. पहिल्या खेपेला जमलं नाही तर पुन्हा घालतील आणि काही दिवसांनी परत प्रयत्न करतील, त्याने खचू नका. नळी असेपर्यंत पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला टेकू द्यायची नाही. आणि सासऱ्यांचं पोट रोज साफ होतंय ना, ते तुम्ही स्वतः विचारत जा. ते आपणहून सांगणार नाहीत.